कल्पनेंतील पंधरा गडी

खेळ पाहणें आणि खेळ खेळणें या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रकार गेल्या कांहीं वर्षांत जगभर पसरला आहे. त्यास ‘फॅन्टसी’ खेळ असें म्हणतात. यांत मनुष्य मैदानावर उतरत नाहीं. तो खऱ्या खेळाडूंतून आपल्या पसंतीचा एक संघ कागदावर किंवा फोनवर उभा करितो. आणि ते खेळाडू आपापल्या खऱ्या सामन्यांत जें कांहीं करतील, त्यावरून या कल्पित संघास गुण मिळतात. क्रिकेटच्या बाबतींत हा प्रकार आपल्याकडे घरोघरीं ठाऊक झालेला आहे. इतका कीं, त्याचें नांव काढतांच कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडते. ती आठी अकारण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिचा विचार पुढें करूंच. परंतु या खेळास एक चांगली बाजू आहे, आणि ती रग्बीमध्यें जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसत असेल, असें आमचें मत आहे. म्हणून ज्या विद्यार्थ्यांस रग्बीची गोडी लागली आहे, त्यांनीं या खेळास आरंभ कसा करावा व त्यांत यश कशानें येतें, याविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रकाराचा उगम अमेरिकेंतला. १९६२ सालीं ऑकलंड येथील विल्फ्रेड विंकेनबाख या गृहस्थांनीं आपल्या स्नेह्यांसह अमेरिकन फुटबॉलसाठीं अशी एक मंडळी स्थापिली, व पुढें १९८० सालीं न्यूयॉर्क येथें डॅनियल ओक्रेंट या संपादकांनीं बेसबॉलसाठीं तसाच डांव मांडला. त्या वेळीं हातांत मावणारे फोन नव्हते. वर्तमानपत्रांतील आंकडे उतरून घ्यावयाचे आणि वहींत बेरीज करावयाची, अशी रीत होती. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; त्याचें काम पुढें पडणार आहे.

रग्बीचा कल्पित संघ करण्यास सर्वांत सोयीची स्पर्धा म्हणजे युरोपांतील ‘सिक्स नेशन्स’. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि २००० सालापासून इटली, असे सहा देश तींत खेळतात. फेऱ्या पांच आणि सामने एकंदर पंधरा. प्रत्येक फेरींत सहाहि संघ खेळतात, त्यामुळें या आठवड्यांत कोणास सुटी आहे हा घोळ मुळींच राहत नाहीं. नवख्यानें महिनोन् महिने चालणाऱ्या लीगच्या वाटेस न जातां येथूनच आरंभ करावा हें बरें. खेळाची रचना साधारणतः अशी असते: पंधरा गडी निवडावयाचे, प्रत्येकाची एक किंमत ठरलेली, ती खऱ्या पैशाची नव्हे, केवळ खेळांतल्या हिशोबाची, एकंदर खर्चास मर्यादा आणि एका देशाचे किती गडी घ्यावे यासहि मर्यादा. पंधरांतील एकास संघनायक नेमावयाचें, त्याचे गुण दुप्पट होतात. गुणांचा तक्ता प्रतिवर्षीं थोडाफार बदलतो. तो आधीं वाचावा. हें सांगणें फार साधें वाटेल. परंतु संघ आधीं निवडून तक्ता मागाहून वाचणारे लोक थोडे नाहींत, आणि शेवटच्या क्रमांकांवर बहुधा तेच आढळतात.

दुसरी पायरी म्हणजे अंकांची ओळख. क्रिकेटमध्यें पाठीवरचा आंकडा शोभेचा असतो. रग्बींत तो गड्याचें काम सांगतो. १ ते ८ हे फॉरवर्ड, म्हणजे पुढले. स्क्रममध्यें खांद्याला खांदा लावून रेटा देणारे ते हेच. ९ ते १५ हे बॅक, म्हणजे मागले. यांतील ९ क्रमांकाचा स्क्रम-हाफ पुढल्यांकडून चेंडू उचलून मागल्यांच्या हवालीं करितो, १० क्रमांकाचा फ्लाय-हाफ डांव कोणीकडे न्यावयाचा तें ठरवितो, आणि ११ व १४ हे कडेनें धांवणारे विंगर. १६ ते २३ हे राखीव. हे अंक तोंडपाठ झाल्यावांचून संघ निवडूं नये. दोन सामने केवळ अंक पाहत पाहावे. चेंडू कोठें आहे हें पाहण्याचा मोह आवरून एकाच अंकावर दहा मिनिटें दृष्टि ठेवावी. चेंडूपासून दूर असतांनाहि गडी किती कष्टतो, हें अशानेंच कळतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. नवखा मनुष्य ज्यांचीं नांवें ठळक अक्षरांत छापून येतात, तेच गडी घेतो. फ्रान्सचा विंगर लुई बिएल-बिआरे यानें २०२५ च्या स्पर्धेंत आठ ट्राय केले. अशास घेऊं नये असें कोण म्हणेल? परंतु त्यास सर्वच घेतात. आणि जें सर्वांपाशीं आहे, त्याच्या बळावर कोणी कोणाच्या पुढें जात नाहीं. पुढें जावयाचें तर इतरांस न दिसलेला गडी दिसावा लागतो, आणि न दिसणारे गडी बहुधा पुढल्यांतच असतात.

याचें सर्वांत मोठें उदाहरण २८ ऑक्टोबर १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं पॅरिसजवळ झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दिसलें. दक्षिण आफ्रिकेनें न्यूझीलंडला १२ विरुद्ध ११ असें हरविलें. विजयी संघानें एकहि ट्राय केला नाहीं. हॅन्ड्रे पोलार्डनें चार पेनल्टींवर बाराच्या बारा गुण मिळविले. तरी सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती ७ क्रमांकाच्या पीटर-स्टेफ डु टॉइट याची. त्यानें काय केलें? अठ्ठावीस टॅकल केले. टॅकल म्हणजे आपल्या हुतूतूंतली पकडच म्हणा, मात्र ती भर धांवेंत असलेल्या गड्याची आणि नियमाप्रमाणें खांद्याच्या खालीं. ऐंशी मिनिटांच्या सामन्यांत अठ्ठावीस वेळां एकट्यानें तशी पकड करणें म्हणजे सरासरीनें दर तीन मिनिटांच्या आंत एकदां भूमीवर आदळणें व पुन्हां उठणें. कल्पित खेळांत एका टॅकलला बहुधा एकच गुण असतो, आणि ट्रायला दहाच्या आसपास. ज्याचें लक्ष केवळ ट्रायवर आहे, तो हा एक गुण तुच्छ लेखतो. हिशोब मांडणारा मात्र ओळखतो कीं ट्राय होईल किंवा न होईल, पण चांगला फ्लँकर पंधरा टॅकल करील याचा भरंवसा धरावा.

हूकरची गोष्ट तर याहून मौजेची आहे. २ क्रमांकाचा हा गडी लाइनआउटमध्यें कडेहून चेंडू आंत फेंकतो, लगेच स्वतः धांवत येऊन रेटणाऱ्या घोळक्याच्या पाठीशीं जातो, चेंडू छातीशीं धरतो, आणि पुढचे सातआठ जण प्रतिपक्षास ढकलीत नेतात तोंवर वाट पाहतो. रेषा ओलांडली कीं नुसतें खालीं पडावयाचें. ट्राय त्याच्या नांवावर. कित्येक कल्पित खेळांत पुढल्यांच्या ट्रायला मागल्यांच्या ट्रायपेक्षां अधिक गुण असतात. १५ मार्च २०२५ रोजीं आयर्लंडचा हूकर डॅन शीहन यानें इटलीविरुद्ध तीन ट्राय केले, तेव्हां ज्यांनीं त्यास आपल्या संघांत घेतलें होतें त्यांचा आनंद काय वर्णावा!

उलट बाजूहि पाहावी. ज्या गड्याच्या हातून वारंवार पेनल्टी जाते, त्याचे गुण कापले जातात. पिंवळें कार्ड मिळालें तर दहा मिनिटें बाहेर आणि लाल मिळालें तर अधिकच हानि. वर सांगितलेल्या अंतिम सामन्यांतच न्यूझीलंडचा संघनायक सॅम केन यास लाल कार्ड मिळालें. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत तें मिळालेला तो पहिलाच खेळाडू. तापट गडी कितीहि पराक्रमी असला तरी त्यास संघनायक करण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

लाथेनें गोल मारणारा एक भरंवशाचा गडी घ्यावाच. पावसाचा अंदाज पाहावा, कारण ओल्या चेंडूनें पास निसटतात, लाथा व स्क्रम वाढतात, आणि सुंदर विंगर कडेला कुडकुडत उभा राहतो. संघांचीं नांवें सामन्याच्या सुमारें दोन दिवस आधीं जाहीर होतात. तोंवर शेवटचा निर्णय करूं नये.

राखीव गड्यांविषयीं मात्र थोडें अधिक लिहिलें पाहिजे. कांहीं खेळांत एक राखीव गडी निवडावयाचा असतो आणि तो मागाहून मैदानावर उतरला तर त्याचे गुण तिप्पट होतात. येथें प्रशिक्षकाच्या मनांत शिरावें लागतें. ८ मार्च २०२५ रोजीं डब्लिन येथें फ्रान्सनें आठ राखीवांपैकीं सात पुढले घेतले होते. ही यादी वाचणारास सामन्याआधींच कळावयास हवें होतें कीं उत्तरार्धांत ताज्या दमाचे पुढले एकदम उतरणार. त्याच सामन्याच्या पूर्वार्धांत फ्रान्सचा संघनायक आन्त्वान द्युपाँ याचा गुडघा दुखावला व तो बाहेर गेला. तरी फ्रान्सनें ४२ विरुद्ध २७ असा विजय मिळविला. ज्यांनीं द्युपाँला आपला संघनायक नेमलें होतें त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. गुण मात्र बुडाले. त्याआधीं एक महिना, ८ फेब्रुवारीस, इंग्लंडचा एलियट डेली हा राखीव म्हणून उतरला आणि अगदीं शेवटीं त्यानें केलेल्या ट्रायवर इंग्लंडनें फ्रान्सला २६ विरुद्ध २५ असें हरविलें.

आतां त्या आठीचा विचार. विचारशक्तीचा खेळ म्हणून आरंभ झालेला हा प्रकार आपल्या देशांत पैशाच्या पैजेशीं जखडला गेला, आणि त्यांत कोंवळ्या वयाचीं मुलें सांपडलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत भारताच्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा कीं दैवाचा, हा वर्षानुवर्षांचा वाद त्यानें बाजूस सारला. पैसे लाविले कीं दोन्ही सारखेच. हा कायदा आम्हांस योग्य वाटतो, आणि तो शिक्षेच्या भयासाठीं नव्हे. पैसा शिरला कीं पाहण्याची दृष्टिच बदलते. ज्याचे शंभर रुपये द्युपाँवर लागले आहेत, त्यास द्युपाँच्या गुडघ्याची कींव येत नाहीं. त्यास त्याचा राग येतो. डु टॉइटच्या अठ्ठाविसाव्या टॅकलपुढें मान लवविण्याऐवजीं तो हिशोबाकडे पाहतो. म्हणून एक रुपयाहि लावूं नये. मित्रांमित्रांत गंमत म्हणूनहि नाहीं. रग्बी आणि रुपया यांचा एकच संबंध आम्हांस मान्य आहे: १८७८ सालीं कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला, तेव्हां सभासदांनीं शिलकेचे २७० चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडविला व तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस दिला. त्याच्या मुठी नागांच्या आणि झांकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठीं झगडत आले आहेत.

परंतु पैशाचें विष काढून टाकलें तर खेळहि टाकून द्यावा काय? आमच्या मतें नाहीं. सरसकट ‘नको’ म्हणणें पालकांस सोपें असतें. पण मग मूल लपून खेळतें आणि लपून खेळणारास चांगलें वाईट सांगणारा कोणी उरत नाहीं. त्यापेक्षां मुलास समोर बसवून विचारावें कीं, ‘बाळ, तूं हा ७ क्रमांकाचा गडी कां घेतलास?’ त्यास कारण सांगतां आलें तर तो विचार करीत आहे. ‘सगळ्यांनीं घेतला म्हणून’ असें उत्तर आलें, तर मात्र फोन कांहीं दिवस कपाटांत ठेवण्यास हरकत नाहीं.

फोनवांचूनहि हा खेळ उत्तम होतो. सहाआठ मित्रांनीं किंवा मैत्रिणींनीं मंडळी करावी (मुलींनीं महिलांची षट्राष्ट्र स्पर्धा घ्यावी, २०२५ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहण्यास लंडनमध्यें ८१,८८५ प्रेक्षक लोटले होते). प्रत्येकास शंभर चिंचोके द्यावे आणि गड्यांचा लिलाव मांडावा; एकानें घेतलेला गडी दुसऱ्यास नाहीं. लिलावांत जो पहिल्या नांवावर साठ चिंचोके उधळतो, त्याच्याकडे हूकर घ्यावयास कांहीं उरत नाहीं. हें एकदां घडलें कीं तो पुढच्या वर्षीं हात आंखडून बसतो. गुणांचा तक्ता सर्वांनीं मिळून आधींच लिहून ठेवावा, आणि वही अशा मुलाकडे द्यावी ज्याच्या बेरजेवर इतरांचा विश्वास आहे.

एक अडचण राहते ती वेळेची. युरोपांत दुपारीं सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्रीं पावणेआठच्या सुमारास येतात; ते जेवणें आटोपून घरच्यांसह पाहावे. परंतु तेथें रात्रीं आठ वाजतां सुरू होणारा सामना येथें मध्यरात्रीनंतर दीड वाजतां सुरू होतो, आणि षट्राष्ट्र स्पर्धेचे दिवस म्हणजे फेब्रुवारी व मार्च, आपल्या परीक्षांचे. त्या सामन्यांचे आंकडे सकाळीं वाचून वहींत उतरावे.