कचेरीचा पत्ता, आमचा पत्ता

शेटजीला शहरात कचेरी थाटायची असली की तो काय काय बघतो? स्टेशन किती मिनिटांवर. बँक, वकील, गिऱ्हाईक जवळ हाय का. चौरस फुटाला भाडं किती, अन् त्यातली वापरायची जागा किती. वीज, लिफ्ट, गाडी लावायची सोय. धंदा म्हटल्यावर हे बघणारच. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट असते, पत्ता. कागदाच्या माथ्यावर छापायला इभ्रतीचा पत्ता!

हा पत्ता आभाळातनं पडत नाही. मी उदगीरचा, मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. माझ्या गोदीशेजारचं बॅलार्ड इस्टेट घ्या. पोर्ट ट्रस्टनं अलेक्झांड्रा गोदी खणली. ती १९१४ साली सुरू झाली, आज तिला इंदिरा गोदी म्हणतात. तिच्या खोदकामातली माती-दगड समुद्रात टाकून २२ एकर जमीन उभी केली. गोदी दारातच, म्हणून जहाज कंपन्यांनी तिथं कचेऱ्या थाटल्या. नाव दिलं पोर्ट ट्रस्टच्या पहिल्या अध्यक्षाचं. घमेली वाहणारे हात बेनामीच गेले.

पुढं १९७० च्या दशकात समुद्र भरून नरिमन पॉइंट उभं राहिलं. तिथं गर्दी झाली, तेव्हा मिठीकाठच्या दलदलीत बांद्रा-कुर्ला संकुल वसवलं. म्हंजे सरकारनं रस्ते, पूल, पाणी, वीज ओतली की चिखलाचा पत्ताही सोन्याचा होतो. मग हे आमच्या वस्तीला का नाही? उदगीरला का नाही? उदगीरला रेल्वे हाय, बाजारपेठ हाय, शिकलेली पोरं हायेत. तरी ती पोरं मुंबई-पुणे-हैदराबादची गाडी धरतात.

अन् इथं काय होतं? मी मॅट्रिक. एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी गेलो. साहेबानं अर्जावरचा झोपडपट्टीचा पत्ता वाचला अन् ‘कळवू’ म्हणाला. अजून कळवतोच आहे. गावात गावकुसाबाहेर, शहरात पिनकोडाबाहेर.

१९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले. आता मुंबई बंदराच्या जमिनीवर नव्या इमल्यांचे आराखडे निघालेत. उद्या तिथंही पत्ते विकले जातील. दोस्तहो, आजच बोललं पाहिजे. जो तिथं कचेरी घेईल त्याच्या करारात गोदी कामगारांची घरं अन् त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या लिहून घ्या. जमीन सरकारी आहे, म्हणजे आपलीही आहे. नुसता कचरा काढायला आम्ही त्या इमारतीत शिरणार नाही.