भोंगा वाजतोय, वाट कोण देणार?



आज सुरुवातीलाच एक कोडं. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला इंग्रजीत ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ असं लिहिलेलं असतं. पण ते सरळ वाचायला गेलं तर जमत नाही. शब्द उजवीकडून डावीकडे जातो आणि अक्षरंही उलटी! रंगाऱ्याची चूक म्हणावी, तर गावोगावच्या गाड्यांवर तेच. असं का बरं?

एका कागदावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव लिहा आणि आरशासमोर धरा. नाव उलटं दिसलं ना? आता विचार करा. रुग्णवाहिकेच्या पुढे जी गाडी चाललेली असते, तिच्या चालकाला मागचं सगळं आरशातूनच दिसतं. म्हणून मुद्दाम उलटा लिहिलेला शब्द त्याच्या आरशात सरळ होतो. ती अक्षरं त्याला सांगतात, “दादा, मागे आजारी माणूस आहे, जरा वाट दे.”

शब्द वाचला, भोंगाही ऐकला, तरी वाट मिळतेच असं नाही. मोठ्या शहरात संध्याकाळी सहा वाजता रस्ता म्हणजे गाड्यांची नुसती दाटी. चला, एक गणित सोडवू या. दवाखाना ५ किलोमीटर दूर आहे. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने गेली तर किती वेळ लागेल? १० मिनिटं. वाहतुकीच्या कोंडीत वेग ताशी १० किलोमीटरवर आला तर? ३० मिनिटं! वहीत हा फरक फक्त २० मिनिटांचा. पण रुग्णवाहिकेत झोपलेल्या माणसासाठी तो केवढा मोठा असतो, ते आता पाहू.

आपलं हृदय रक्त ढकलतं आणि रक्तातून मेंदूला प्राणवायू मिळतो. हृदय अचानक बंद पडलं, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशी दहा मिनिटं गेली तर हाती काय उरेल, याचा हिशेब तुम्हीच करा. अपघातातल्या जखमींचंही तसंच. दुखापतीनंतरचा पहिला तास इतका मोलाचा, की त्याला ‘गोल्डन अवर’ म्हणजे सोन्यासारखा तास म्हणतात.

मग यावर उपाय काय? मला तीन उपाय दिसतात.

पहिला उपाय, वाट देणं. जर्मनीतल्या महामार्गांवर एक छान नियम आहे. वाहतूक मंदावली की रुग्णवाहिका येण्याची वाट पाहायची नाही. सगळ्यात डावीकडच्या रांगेतल्या गाड्यांनी आणखी डावीकडे सरकायचं, बाकीच्या सगळ्यांनी उजवीकडे. मधे आपोआप एक गल्ली तयार होते आणि रुग्णवाहिका त्यातून सरळ निघून जाते. आपल्याकडेही २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडाच्या भीतीने वाट देण्यापेक्षा आतल्या माणसाची आठवण ठेवून वाट दिलेली केव्हाही चांगली, नाही का? आणि हो, काही चलाख मंडळी रुग्णवाहिकेच्या मागोमाग गाडी दामटतात, फुकटात रस्ता मिळतो म्हणून. तुमच्या घरातलं कुणी असं करत असेल तर मागच्या सीटवरून खुशाल टोका!

दुसरा उपाय, मोठी गाडी अडकत असेल तर छोटी पाठवणं. ही कल्पना जुनीच आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या सैन्यात लारे नावाचे शल्यवैद्य होते. जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत तसेच पडून राहतात, हे त्यांना पाहवेना. त्यांनी हलक्या, चपळ घोडागाड्या तयार केल्या. लोक त्यांना ‘उडत्या रुग्णवाहिका’ म्हणत. आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी ‘१०८’ ही मोफत सेवा सुरू झाली. पुढे २०१७ साली मुंबईत मोटरसायकलवरची रुग्णवाहिका आली. मोटरसायकलवरून रुग्णाला नेता येत नाही, हे खरं. पण चारचाकी सिग्नलला अडकलेली असताना ती गाड्यांमधून वाट काढते आणि प्राणवायूचा सिलिंडर, औषधं नि जाणकार माणूस रुग्णापाशी पोचवते. रुग्ण उपचारापर्यंत पोचत नसेल, तर उपचारच रुग्णापर्यंत न्यायचा!

तिसरा उपाय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटरसायकल झाली तरी तिला यायला काही मिनिटं लागणारच. तोवर रुग्णाजवळ कोण असतं? घरातली माणसं, शेजारी, रस्त्यावरून जाणारे. म्हणजे आपणच!

डेन्मार्क या छोट्याशा देशाने हे ओळखलं. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवण्याची रीत, म्हणजे ‘सीपीआर’, त्यांनी २००५ साली शाळेतच शिकवायची ठरवली. २००१ मध्ये तिथे अशा १०० रुग्णांपैकी साधारण २१ जणांना आजूबाजूच्या लोकांकडून सीपीआर मिळत होता. २०१० मध्ये ही संख्या ४५ च्या घरात गेली. महिन्यानंतरही जिवंत असणारे रुग्ण शंभरात साडेतीन होते, ते जवळजवळ ११ झाले. दवाखान्यातले उपचारही सुधारले होते, पण साध्या माणसांच्या हातांचा वाटा त्यात मोठा होता.

सीपीआरची रीत थोडक्यात अशी. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वासही नीट घेत नाही, असं दिसलं तर त्याला कडक जागेवर उताणं झोपवायचं. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून साधारण दोन इंच खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मोठ्या वर्गातल्या मुलांनी हे जाणकारांकडून जरूर शिकावं. पण धडधाकट मित्राच्या छातीवर सराव करायचा नाही हं! सरावासाठी बाहुले असतात. छोट्यांनी लगेच मोठ्या माणसाला हाक मारावी.

आणि फोन तर तुम्ही सगळेच करू शकता. आमच्या तिसरीच्या वर्गात मी एकदा विचारलं, “१०८ वर फोन लागला. घर कुठे म्हणून सांगाल?” एक जण ठासून म्हणाला, “बंड्याच्या घरासमोर!” सगळा वर्ग हसला. पण खरंच, बंड्याचं घर फोनवरच्या ताईंना कसं माहीत असणार? गाव किंवा भाग, रस्ता, इमारत, मजला आणि जवळची ठळक खूण, या क्रमाने सांगायचं. काय झालंय तेही सांगायचं आणि “ठेवा” म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

पालकहो, एक शब्द तुमच्याशी. रस्त्यावर अपघात दिसला की “पोलिसांचं लचांड नको” म्हणून मुलांचा हात धरून आपण पुढे जातो. आता ते कारण उरलेलं नाही. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केलेल्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्यता दिली आणि २०१९ पासून कायदाही अशा माणसाच्या पाठीशी आहे. मुलं आपलं बोलणं विसरतील, पण आपण थांबलो की पुढे गेलो, हे विसरणार नाहीत.

या आठवड्याचा उपक्रम

१. घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण पुठ्ठ्यावर लिहून, त्याखाली १०८ आणि ११२ हे क्रमांक टाकून दाराजवळ लावा.

२. तुमच्या गल्लीच्या किंवा इमारतीच्या तोंडाशी जाऊन पाहा. तिथे उभ्या केलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडेल का? अडत असेल तर मोठ्यांना सांगा.

३. रुग्णवाहिकेला वाट दाखवायला फाट्यावर कोण उभं राहील आणि लिफ्ट कोण थांबवून धरेल, हे घरात आजच ठरवा.

तुमच्या गल्लीत काय दिसलं, ते मला पत्राने जरूर कळवा हं!