अरुंधतीचें छायाचित्र

गेल्या चैत्रांतली गोष्ट. जेवणें आटोपल्यावर आम्ही नेहमींप्रमाणें गच्चीवर ईशान्येकडे तोंड करून बसलों होतों. सप्तर्षि चांगलेच वर आले होते. वसिष्ठ दिसला; त्याच्या शेजारची अरुंधती मात्र कांहीं केल्या दिसेना. चष्मा पुसून पाहिलें, मान वांकडी करून पाहिलें. नाहीं ती नाहींच. ज्याचें आयुष्य सरत आलें त्यास अरुंधती दिसत नाहीं, असा एक जुना समज आहे. असले समज मुलांच्या डोक्यांतून काढून टाकण्याचा उद्योग आम्हीं शाळेंत तीस वर्षें केला; परंतु त्या रात्रीं जिना उतरतांना आमच्या पोटांत गोळा आला, हें कबूल केलें पाहिजे. घरांत कोणापाशीं बोललों नाहीं.

चार दिवसांनीं नातू सुटीवर आला. त्याला आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा नाद आहे. रात्ररात्र गच्चीवर काढतो म्हणून सूनबाई त्याच्यावर रागावलेली असते. "आजोबा, आज कोणता तारा घेऊं?" असें त्यानें विचारतांच आम्हीं साळसूदपणें वसिष्ठ सांगितला.

त्यानें तिवईवर कॅमेरा बसविला, एका ठळक ताऱ्यावर भिंग नेमकें जुळविलें, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून कळ दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र निघेल अशी योजना केली. आपला डोळा आलेला प्रकाश दाखवून मोकळा होतो. फार वेळ सांचवून ठेवीत नाहीं. कॅमेरा कृपणासारखा कण कण जमवितो. मग तासभर उघडाच कां ठेवूं नये? आम्हीं विचारलें. तर पृथ्वी थांबत नाहीं! दर चार मिनिटांस एक अंश ती फिरते, आणि स्थिर कॅमेऱ्यांत ताऱ्याच्या बिंदूची रेघ होते. म्हणून त्यानें आठ आठ सेकंदांचीं चाळीस चित्रें घेतलीं व संगणकावर एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढली. प्रत्येक चित्रांत जे खोटे कण उमटतात ते दर वेळीं जागा बदलतात, म्हणून सरासरींत विरतात. तारा सर्व चित्रांत असतो, म्हणून तो उरतो. आम्हांस पोथ्यांची आठवण झाली. पुण्यास महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना पंडितांनीं हेंच केलें. एका लेखकाचा प्रमाद दुसऱ्या पोथींत नसतो. पुष्कळ पोथ्या ताडल्या म्हणजे मूळ पाठ हातीं लागतो.

ही विद्या फार जुनी नव्हे. सूर्य वगळतां ज्याचें छायाचित्र पहिल्यानें निघालें तो तारा आपला अभिजित. अमेरिकेंतील हार्वर्डच्या वेधशाळेंत १७ जुलै १८५० रोजीं तें घेतलें गेलें. त्याच वेधशाळेंत १८५७ सालीं जॉर्ज बॉण्ड यांनीं वसिष्ठ व अरुंधती यांना कांचेवर उतरविलें.

"पण रात्रभर जागून मिळतें काय?" हा सूनबाईचा प्रश्न. बहुधा कांहीं मिळत नाहीं, हें खरें उत्तर. तथापि अर्जेंटिनांतील रोझारिओ शहरीं व्हिक्टर बुसो नांवाचे एक हौशी गृहस्थ आहेत, धंदा कुलुपांचा. २० सप्टेंबर २०१६ रोजीं नवा कॅमेरा तपासण्यासाठीं त्यांनीं आपल्या घरावरील दुर्बिणींतून एका दूरच्या दीर्घिकेचीं चित्रें घेतलीं. तींत एक तारा त्याच घटकेस फुटूं लागला होता! स्फोटाचा तो पहिला उजेड पकडण्यास मोठमोठ्या वेधशाळा टपून असतात. तो गवसला कुलुपवाल्यास. सूनबाईनें हें ऐकून घेतलें व दूध विरजावयास गेली.

चित्र तयार झालें. वसिष्ठाच्या बाजूला टांचणीच्या टोंकाएवढी, परंतु अगदीं स्वच्छ, अरुंधती! आमच्या छातीवरचा धोंडा उतरला. कारण आतां सगळा दोष रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांवर टाकतां येत होता. इतक्यांत आमचें कुटुंब वाळवण काढावयास वर आलें. चित्राकडे पाहून म्हणालें, "यांत नवल तें काय? ही काय, ती तिथें आहे कीं!" आणि चष्म्याशिवाय बोट दाखविलें. लग्नांत आम्हीं तिला अरुंधती दाखविली होती. आज ती आम्हांस दाखवीत होती, आणि आम्हांस दिसत नव्हती. नातवानें आमच्याकडे एकवार पाहिलें. दुसऱ्या दिवशीं नेत्रवैद्यांकडे नेलें. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत.

ज्येष्ठांत शस्त्रक्रिया झाली, आणि लगेच पाऊस लागला. आभाळ मोकळें होईल तोंवर संध्याकाळचे सप्तर्षि खालीं उतरलेले असतील. मार्गशीर्षांत पहाटे ते पुन्हां वर येतात. तोंपर्यंत तें चित्र आमच्या मेजावर उभें आहे. चार वाजतां उठविण्याचें कुटुंबानें पत्करलें आहे; नातू म्हणतो, कॅमेरा आणीन, पण आधीं आजोबांनीं पाहावयाचें.