हेमिंग्वे यांची साक्ष

१७ मार्च २०२५ रोजी, संत पॅट्रिक यांच्या सणाच्या दिवशीच, ग्रुप कॅप्टन जॉन हेमिंग्वे हे १०५ वर्षांचे प्रदीर्घ आयुष्य भोगून आपल्या जन्मगावी, डब्लिन येथे, निवर्तले; आणि १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशाचे रक्षण करण्यास जे सुमारे तीन हजार तरुण हवाई दलात सज्ज होते, त्यांच्यापैकी हयात असलेला अखेरचा पुरुष कालवश झाला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांना महावीर म्हणून गौरविले आणि ते यथायोग्यच झाले. परंतु आपण कोणी वीर आहोत हे स्वतः हेमिंग्वे यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. ज्या कामाचे शिक्षण मिळाले होते ते काम आपण केले, मित्र गेले आणि आपण राहिलो तो केवळ नशिबाचा भाग होता, एवढेच ते विचारणाऱ्यास सांगत. त्यांचे हे बोलणे थोरामोठ्यांना शोभणारा विनय म्हणून आपण कौतुकाने ऐकतो आणि कौतुकानेच बाजूला ठेवतो; माझ्या मते ती एका प्रत्यक्षदर्शी माणसाची जबानी आहे, आणि जबानी म्हणूनच ती दप्तरी दाखल झाली पाहिजे.

हेमिंग्वे १९३८ साली ब्रिटिश हवाई दलात रुजू झाले आणि महायुद्धास तोंड लागल्यावर ८५ व्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्समध्ये गेले. त्यांना चालविण्यास मिळालेले हरिकेन विमान त्या काळी उत्तम गणले जाई. तरी त्याच्या धडाच्या मागील भागावर कापडच ताणलेले असे, वैमानिकाच्या अगदी समोर पेट्रोलची एक टाकी असे, आणि पंखांतल्या आठ मशीनगनांच्या गोळ्या सलग झाडल्या तर पंधरा सेकंदांच्या आसपास संपून जात. एवढ्या सामग्रीनिशी विशीतल्या पोरांनी युरोपातल्या सर्वांत बलाढ्य हवाई दलाशी सामना द्यावयाचा होता. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांचे आक्रमण सुरू होताच हेमिंग्वे यांनी पहिल्याच दिवशी शत्रूचे एक बॉम्बफेकी विमान पाडले, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरील तोफांचा मारा लागून त्यांनाच आपले विमान कसेबसे खाली उतरवावे लागले.

त्यांची जबानी समजून घ्यावयाची तर त्या वर्षाच्या १८ ऑगस्टपाशी थांबले पाहिजे. त्या दिवशी उभय पक्षांची विमाने इतक्या संख्येने पडली की ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईतला सर्वांत कठीण दिवस म्हणून इतिहासकारांनी तो नोंदविला आहे. हेमिंग्वे यांचे विमान निकामी झाले, हवाई छत्रीने ते समुद्रात उतरले आणि एका नौकेने त्यांना उचलून घेतले. त्याच दिवशी त्यांचे जिवलग मित्र डिकी ली शत्रूच्या विमानांचा पाठलाग करीत समुद्रावर दूर गेले आणि परत आले नाहीत. स्क्वाड्रन एक, दिवस एक, समुद्रही एकच. आणि त्यातल्या एकास पुढे साडेचौऱ्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभावे नि दुसऱ्यास ती संध्याकाळही दिसू नये, याचा खुलासा शौर्याच्या किंवा कौशल्याच्या कोणत्या मापाने करावयाचा? ली यांचे जाणे हे आपले सर्वांत मोठे दुःख असल्याचे हेमिंग्वे शंभरी ओलांडल्यावरही सांगत.

पुढल्याच आठवड्यात, २६ ऑगस्टला, ते पुन्हा पाडले गेले. विमान एसेक्स परगण्यातील पिट्सीच्या दलदलीत शिरले आणि हेमिंग्वे छत्रीने खाली आले. २०१९ साली त्या चिखलातून विमानाचे अवशेष उकरून काढण्यात आले, तेव्हा वैमानिकाच्या हाती असणारा नियंत्रणदांडा सापडला आणि त्यावरील बंदुकीची कळ गोळीबाराच्या खुणेवरच वळवलेली आढळली. मला स्वतःला हा लोखंडाचा तुकडा कोणत्याही सन्मानपत्राहून अधिक बोलका वाटतो, कारण विमान सोडण्याच्या क्षणापर्यंत तो एकवीस वर्षांचा मुलगा काय करीत होता हे तो अतिशयोक्तीवाचून सांगतो. पुढे १९४१ साली रात्री लढणाऱ्या विमानातून उडी घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा छत्री नीट उघडली नाही, परंतु ती झाडाच्या फांद्यांत अडकल्याने ते बचावले. १९४० च्या ज्या लढाईत ५४४ सोबती कामास आले, त्या लढाईतून आणि अशा उड्यांतून वाचलेला माणूस नशिबाचे नाव घेतो, तेव्हा तो आपले कर्तृत्व झाकीत नसतो. मेलेले सोबती आपल्याहून उणे होते असे चुकूनही सूचित होऊ नये, याची तो दक्षता घेत असतो.

१९४५ च्या एप्रिलात इटलीतील राव्हेन्नाच्या परिसरात त्यांचे स्पिटफायर पाडले गेले आणि तेथील शेतकऱ्यांनी त्यांना आपले कपडे चढवून, एका लहान मुलीच्या सोबतीने, जर्मन फळीतून सुखरूप बाहेर काढले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच महिन्यात, त्याच मुलखात, सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव आपल्या कंपनीचे निरोपे म्हणून काम करीत होते. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या या जवानाने ९ एप्रिल रोजी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले, शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या फळीस पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण मुंबई-पुण्याच्या किती शाळकरी मुलांना आज त्यांचे नाव ठाऊक आहे?

याचे एक कारण आपणांस उघड बोलावयास हवे. ज्या सत्तेशी स्वातंत्र्यासाठी झगडा केला, तिच्याच निशाणाखाली लढून आलेल्या माणसांचे काय करावे, हा पेच युद्धात तटस्थ राहिलेल्या, हेमिंग्वे यांच्या आयर्लंडला पडला तसा स्वतंत्र भारतासही पडला, आणि दोन्ही देशांनी बराच काळ त्यांच्याविषयी न बोलणेच पसंत केले. दुसऱ्या महायुद्धात भारतातून सुमारे पंचवीस लाख माणसे सैन्यात गेली. त्यांत साताऱ्याच्या, कोकणच्या, नगरच्या गावोगावची माणसे होती. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याची चाल म्हणून, कोणी निव्वळ जग पाहण्याच्या ओढीने. परतल्यावर ती शेतीला लागली आणि स्वतःविषयी मिजास म्हणून त्यांनी केली नाही. त्यांच्या अबोलपणाचा आपण सोयीस्कर अर्थ लावला, की सांगण्यासारखे काही नसावेच.

हेमिंग्वे निदान पत्रकारांनी विचारले म्हणून बोलले. आमच्या माणसांना विचारणारेच कोणी गेले नाही आणि आता त्यांतले फार थोडे उरले असतील. तरीही सारे हातचे गेले असे मी मानत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या दप्तरांत अनुदानाच्या निमित्ताने पुष्कळांची नावे, पलटणी व गावे नोंदलेली आहेत. आमच्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी त्या याद्या हाती घेऊन विद्यार्थ्यांना गावोगाव धाडावे, ट्रंकेच्या तळाशी राहिलेली सेवापुस्तके, पत्रे व छायाचित्रे यांच्या नकला करून मूळ कागद ज्याचे त्यास परत करावेत, आणि मुलगे, सुना, नातवंडे यांना जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत, शौर्याची विशेषणे न जोडता, उतरवून घ्यावे. एखाद्या घरी कोणी सांगेल की आजोबा लढाईविषयी कधी अवाक्षर काढीत नसत. तर तारीख आणि गाव घालून तेवढीही नोंद करून घ्यावी.