घर असताना हॉटेल कशाला?

पुण्याहून नाहीतर हैदराबादहून चार दिवसांसाठी गावी आलेली मुलं “एक रात्र आम्ही बीदरला राहतो, रूम बुक केलीय” म्हणाली, की आपल्या घरांत अजूनही सगळे क्षणभर गप्प होतात. मग आजी विचारतेच, “का रे बाबा, घरात काय कमी पडलं?” भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, कुठल्याही गावच्या घरात हा संवाद थोड्याफार फरकानं ऐकू येतो. यावेळी त्यावरच लिहायचं ठरवलं, कारण या एका रात्रीवरून महिनामहिना फोन बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

मुलांची बाजू सरळ आहे. घरात माणसं बारा आणि न्हाणीघर एक. नवीन सुनेला सगळ्यांदेखत उशिरा उठायची चोरी. तान्हं बाळ रात्री रडलं की सासरेबुवांची झोपमोड. यात घराचा अपमान नाही.

पण आजीचं दुःखही खुळचट नाही. ज्या मुलखात ती वाढली तिथं पाहुण्याला जेवू घालणं आणि अंथरूण देणं ही विकायची वस्तूच नव्हती. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या संस्थानात आलेल्याला प्रसादाच्या पंगतीला बसवतात, जात विचारत नाहीत. प्रभूंचा जन्म १८१७ च्या दत्तजयंतीचा, समाधी १८६५ ची. त्यांनी पदं मराठीत केली, कन्नडमध्ये केली, हिंदी-उर्दूतही केली. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांची ओळखच दासोहाची, म्हणजे येईल त्याला अन्न. बीदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगर चालतो, मुक्कामालाही जागा मिळते. आणि गाणगापूर तर त्याहून पुढचं. तिथं मोटारीतून उतरलेला सधन माणूससुद्धा दुपारी झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतो, कारण दत्तमहाराज माध्यान्हीला भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे अन्न देणारा मोठा की घेणारा, हेच तिथं कळेनासं होतं.

शिकायला आलेल्यांचीही सोय होती. महमूद गावाननं १४७२ मध्ये बीदरला बांधलेल्या मदरशात वर्ग, ग्रंथालय आणि मशीद यांच्या जोडीला विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या होत्या. पुढे १६९६ मध्ये औरंगजेबाचं सैन्य तिथं असताना दारूचा स्फोट होऊन बरीचशी इमारत उडाली. उरलेल्या भागावरची निळी-हिरवी फरशी आजही दिसते.

तेव्हा झोपण्याचे आणि जेवण्याचे पैसे मोजायचे, तेही स्वतःच्या जिल्ह्यात, हे आजीच्या डोक्यात बसत नाही. तुम्ही तिला खोलीचं भाडं सांगता आणि ती मनातल्या मनात त्याची ज्वारी किती पोती होईल ते मोजते!

आता मुक्कामाबद्दल. बीदरमध्ये उदगीर रस्त्यावर राज्य पर्यटन महामंडळाचं ‘मयूर बरीदशाही’ आहे. बहमनींनंतर १६१९ पर्यंत बीदरवर राज्य केलेल्या घराण्याचं नाव त्याला दिलंय, पण राहणी साधी आहे. जरा थाटाचं हवं असेल तर शहराबाहेर विलासपूरच्या तळ्याकाठी जंगल लॉजेसचं ‘ब्लॅकबक रिसॉर्ट’ आहे. हीही सरकारीच कंपनी, काबिनीच्या रिसॉर्टमुळे नावाजलेली. तिच्या मुक्कामांत भाडं बहुधा खोलीमागे नसतं, माणशी असतं, आणि त्यात जेवण, नाश्ता, सफारी धरलेली असते. बुक करताना हे विचारून घ्या. खोलीचा दर समजून चौघं गेलात तर बिल बघून घाम फुटेल. मुलांचा दर वेगळा असतो, तोही विचारा.

सफारी काळविटांची. आपल्याकडे वाघ-हत्ती नाहीत म्हणून नाक मुरडू नका. काळवीट हे माळरानाचं जनावर, आपल्याच बोडक्या, तांबड्या माळाचं. ज्या माळाला आपण लहानपणापासून ‘नुसतं रान’ म्हणत आलो, तिथं पहाटे वळणदार शिंगांचा काळा नर उभा दिसला की त्या जमिनीबद्दलचं मत बदलतं.

माझी खरी तक्रार जेवणाच्या टेबलाबद्दल आहे, आणि ती कुठल्या एका हॉटेलावर नाही. आपल्या भागातल्या बऱ्या हॉटेलांत शिरलं की पनीर बटर मसाला, नूडल्स, गोबी मंचुरियन. आणि बाहेर शेतात उभी असते तूर, जिला ‘गुलबर्गा तूर डाळ’ म्हणून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं! ज्वारीची भाकरी, भरली वांगी, पुंडीची भाजी, शेंगाची चटणी, सकाळी सुशीला, गोडाला गव्हाची हुग्गी यांतलं काहीच कार्डावर नसतं, कारण कुणी मागत नाही. ‘हे तर घरी खातोच’ म्हणून आपणही मागत नाही. पण तुमच्या मुलांनी पुण्यात हुग्गी कधी खाल्लीय? आदल्या दिवशी फोन करून “जोळद रोट्टी मिळेल का” विचारलंत तर बहुतेक स्वयंपाकघरात कुणीतरी खूश होतं. तिथं काम करणाऱ्या बाया याच गावांतल्या असतात. त्यांच्या हाताला भाकरीचीच सवय असते.

आणि आजीचं काय? तिला सोबत न्या. ‘विचारून बघू, नाहीच म्हणेल’ असं मनाशी ठरवू नका. बीदर तासाभरावर असून किल्ल्यातला रंगीन महाल न पाहिलेल्या बायका आपल्या घराघरांत आहेत. तिथं शिंपल्याचं जडावकाम आहे, पण किल्ल्यात चालणं बरंच होतं. तेव्हा सकाळच्या उन्हात न्या आणि जाताना पाण्याची बाटली घ्या. बिदरीच्या कारागिरांकडेही जा. काळ्या रंगासाठी ते किल्ल्यातली जुनी माती वापरतात हे ऐकून म्हाताऱ्या माणसांना फार गंमत वाटते.

एक मात्र पाळा. पहिली रात्र घरी काढा, हॉटेल दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीला ठेवा. आल्या आल्या थेट रिसॉर्टवर उतरून दुसऱ्या दिवशी घरी ‘भेटायला’ येणं, हे जिव्हारी लागतं. आणि बुकिंग झाल्यावर नाही, आधी सांगा.

तारखा पाहताना येळवस मात्र सोडून बघा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खी गावं शेतात असतात, कडब्याच्या खोपीपुढं आंबील, भज्जी, उंडे मांडलेले असतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी रूम घेतलीत तर आजीच्या आधी मीच तुमच्याशी बोलणार नाही.