‘फौजी’चे हसू कोणाचे?

१९८९ साली दूरदर्शनवर आलेली ‘फौजी’ ही मालिका आज पुन्हा पाहताना जे तिच्या विनोदाला ‘निरागस’ म्हणतात, ते या विशेषणाआड वाचनाचा आळस लपवतात. कर्नल राज कपूर (नामसाम्याने दचकू नये) यांच्या या मालिकेत खोडकरपणाचा मान आहे तो अभिमन्यू राय या होतकरू अधिकाऱ्याला. त्याचा थोरला भाऊ लष्करात मेजर. हे हसू घरचेच आहे. उच्छृंखलतेचे शिस्तीत रूपांतर हाच येथील कथाबंध असल्याने त्यात बाख्तिनप्रणीत उलथापालथ शोधणे व्यर्थ होय. अमेरिकी ‘मॅश’मध्ये (१९७२–८३) कॉर्पोरल क्लिंगर स्त्रीवेष करतो तो लष्करातून सुटका व्हावी म्हणून. तेथे विनोद आज्ञेलाच प्रश्न विचारतो. ‘फौजी’त तो आज्ञा गोड करून देतो.

यवतमाळसारख्या कापसाच्या आणि शेतकरी-आत्महत्यांच्या जिल्ह्यातून ही संहिता वाचली, की निरागसतेचे पितळ उघडे पडते. येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो तो आत शिरण्यासाठी. २०२२च्या अग्निपथ योजनेने त्याला चार वर्षे देऊ केली. पुढे कायम होणार ते फार तर २५ टक्के. अधिकाऱ्यांना ही योजना लागू नाही. अभिमन्यूला चुका करण्याची मुभा आहे, ती याला परवडणारी नाही. २०२४ साली दूरदर्शनने ‘फौजी २’ आणली, तेव्हाही आठवण निघाली ती शाहरुख खानची. स्मरणरंजनालाच समीक्षा समजणाऱ्यांना मूळ मालिकेतल्या एका तरी शिपायाचे नाव आठवते काय?