रडीच्या डावाचा बाजार

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शांघाय येथे ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकीय खेळाची आशियाई स्पर्धा सुरू असताना एका भारतीय संघाचा सामना मध्येच थांबविण्यात आला. संघातील एका खेळाडूच्या संगणकावर काही संशयास्पद चालू असल्याचे पंचांच्या ध्यानात आले होते. ते तपासणीसाठी पुढे सरसावले तेव्हा त्याने घाईघाईने पुरावा नाहीसा करण्याचा प्रयत्न केला. सापडले ते नेम धरण्यास मदत करणारे एक सॉफ्टवेअर होते, आणि त्याच्या फाइलीला नाव दिले होते ‘वर्ड डॉट ईएक्सई’. जणू हा गृहस्थ शांघायला अर्ज टंकलिखित करण्यासाठीच गेला होता! संघ स्पर्धेतून बाद झाला आणि पाठोपाठ विसर्जितही झाला. ई-स्पोर्ट्समधील सचोटीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी घातली. उरलेल्या चौघांचा यात काही दोष नव्हता. तरी संघाबरोबर त्यांचीही रोजी गेली.

असा प्रकार उघडकीस आला की तरुण पिढीवर संस्कार उरले नाहीत, असा सूर निघतोच. हे निदान मोठे सोयीचे आहे, कारण त्यासाठी कोणालाच पदरचा पैसा खर्च करावा लागत नाही. परंतु तो खेळाडू ज्या वयाचा आणि ज्या घरांतला होता, त्याच वयाची व तशाच घरांतली मुले संध्याकाळी मैदानावर बऱ्यापैकी सचोटीने खेळतात, ही वस्तुस्थिती या निदानात बसत नाही. तोच मुलगा गल्लीत एक आणि पडद्यासमोर दुसरा का होतो, हा खरा प्रश्न आहे.

गल्लीतल्या खेळाला पंच नसतो. तरीही विटीदांडूपासून टेनिसच्या चेंडूवरील क्रिकेटपर्यंत सारे खेळ तेथे पिढ्यानपिढ्या चालत आले, याचे कारण मुले स्वभावतः सज्जन असतात हे नव्हे. रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या कोणी खेळायला घेत नाही, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. त्याचे घर ठाऊक असते, त्याच्या थोरल्या भावाची ओळख असते. एवढ्या भांडवलावर तेथील न्यायव्यवस्था चालते. तीत दुर्बलांचीही सोय असते. धाकट्या भावंडाला ‘कच्चे लिंबू’ म्हणून खेळात घ्यायचे, त्याला बाद धरायचे नाही, हा नियम कोणत्याही क्रीडासंघटनेने केलेला नाही. पण तो सर्वत्र पाळला जातो.

मोठ्या मैदानावरही मूलतः हेच चालते. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत परतला होता. अशा वेळी बॉब टेलरला पंचांनी झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटला लागलाच नव्हता अशी खात्री वाटल्याने भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलाविले. टेलर आणि बोथम यांची भागीदारी १७१ धावांपर्यंत गेली व भारताने सामना दहा गडी राखून गमावला. विश्वनाथांच्या त्या निर्णयाची किंमत त्या दिवशी फार मोठी होती. पण पंचेचाळीस वर्षांनंतरही त्यांच्या नावाबरोबर तो निर्णय आदराने उच्चारला जातो. नाव हे असे भांडवल आहे. ते जपले तर त्यावर व्याज मिळत राहते.

ऑनलाइन खेळात नेमके हेच भांडवल नाहीसे होते. ‘पबजी मोबाइल’वर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आल्यानंतर वर्षभरातच तिची जागा घेणाऱ्या ‘बीजीएमआय’मध्ये एका वेळी शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. अर्ध्या तासात डाव संपतो आणि त्या शंभरांपैकी बहुतेकांची पुन्हा कधीही गाठ पडत नाही. भिंतीपलीकडचा शत्रू दाखविणारे किंवा बंदुकीचा नेम आपोआप लावणारे सॉफ्टवेअर वापरून एखाद्याने सारा डाव नासविला, तर फार तर त्याची आयडी बंद होते. तो दुसरी उघडतो. उद्या खेळायला न घेण्याची जी शिक्षा गल्लीत एवढी धाक घालते, ती येथे द्यायची कोणाला? कच्च्या लिंबाची प्रथाही येथे नेमकी उलटी होते. वरच्या श्रेणीचा तरबेज खेळाडू मुद्दाम नवी आयडी काढून नवशिक्यांच्या गटात शिरतो आणि त्यांची शिकार करीत बसतो. यासाठी खेळाडूंच्या परिभाषेत ‘स्मर्फिंग’ असा स्वतंत्र शब्द आहे. यावरूनच ही प्रथा किती रुळली आहे हे कळावे.

एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक या दोन अभ्यासकांनी २००१ साली ‘स्वस्त टोपणनावां’च्या सामाजिक किमतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. नाव बदलणे फुकट असेल तर प्रत्येक नवागताकडे संशयाने पाहण्यावाचून समाजाला गत्यंतर राहत नाही, आणि या संशयाचा भुर्दंड प्रामाणिक नवागतालाही भरावा लागतो, हा त्याचा मथितार्थ. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या बाबतीत तो तंतोतंत प्रत्ययास आला. सुमारे १५ डॉलर किमतीचा हा खेळ कंपनीने २०१८ च्या डिसेंबरात विनामूल्य केला. त्यामुळे बंदीची किंमतही जवळजवळ शून्यावर आली. मग लबाडांपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी ‘प्राइम’ दर्जाची निराळी रांग होती, आणि पुढे ती विकत घेण्यावाचून मार्ग उरला नाही. म्हणजे प्रवेशशुल्क पुढच्या दाराने गेले व मागच्या दाराने परतले. फरक इतकाच की, आता ते निकोप खेळासाठी द्यावे लागू लागले.

कंपन्यांना लबाडी हवी असते असे मात्र म्हणता येणार नाही. खोटे नाणे खरे नाणे बाजारातून हाकलते, हा ग्रेशॅमच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम येथेही चालतो. लबाडांची संख्या वाढली की सचोटीचा खेळाडू कंटाळून निघून जातो. आणि बंदुकांवरील रंगीबेरंगी आवरणांवर पैसे खर्च करणारे गिऱ्हाईक बहुधा तोच असतो. त्यामुळे वाल्व कंपनीने २००२ पासून लबाडी हुडकणारी यंत्रणा चालविली आणि रायट कंपनीने २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’बरोबर संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरून पहारा करणारे सॉफ्टवेअर आणले. पण गिऱ्हाईक टिकेल इतपतच प्रामाणिकपणा राखणे व्यापाऱ्याला परवडते. त्यापलीकडचा खर्च त्याच्या वहीत तोटा म्हणूनच पडतो.

समोरच्या बाजूलाही व्यापारीच उभा आहे, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. २०२१ च्या मार्चमध्ये चीनमधील कुनशान येथील पोलिसांनी टेन्सेंट कंपनीच्या सहकार्याने लबाडीचे सॉफ्टवेअर विकणारी एक टोळी पकडली. दहा जणांना अटक झाली. महागड्या मोटारींसह ४ कोटी ६० लाख डॉलरची मालमत्ता जप्त करण्यात आली. हा माल दिवसाच्या किंवा महिन्याच्या वर्गणीवर अनेक देशांत विकला जात असे. आपल्या खोलीत बसून नेम लावणारा सोळा वर्षांचा मुलगा हा या साखळीतील शेवटचा आणि सर्वांत गरीब दुवा आहे. शिक्षा मात्र बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत येऊनच थांबते.

दक्षिण कोरियाने हा भेद ओळखला. २०१० साली तेथे ‘स्टारक्राफ्ट’मध्ये सामने ठरवून हरण्याचे प्रकरण उघड झाले आणि अकरा खेळाडूंना आजन्म बंदी झाली. तेथील कायद्याने २०१७ पासून लबाडीचे सॉफ्टवेअर बनविणे व वाटणे हाच गुन्हा ठरविला असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या आयडीवर खेळून त्याची श्रेणी वाढवून देण्याचा धंदाही २०१९ पासून तेथे दंडनीय आहे. परीक्षेला डमी बसविण्याचाच हा प्रकार. शिक्षकवर्गाला तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता थोडे कंपन्यांच्या स्वतःच्या खिलाडूवृत्तीविषयी. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात पैसे मोजून नशिबाची पेटी उघडायची आणि तीतून निघेल ते सामर्थ्य प्रतिस्पर्ध्यावर वापरायचे, अशी योजना होती. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की, खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला ही विक्री स्थगित करावी लागली. पुढील वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरविले. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मुलाने बाहेरच्या विक्रेत्याकडून सामर्थ्य विकत घेतले तर ती लबाडी, आणि तेच कंपनीच्या दुकानातून घेतले तर तो व्यवहार, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? कंपनीची विक्री उघड असते आणि नियमांत लिहिलेली असते, एवढा फरक अवश्य आहे व तो क्षुल्लक नाही. परंतु खेळात पैशाने वरचढ होता येते हा धडा त्या मुलाने प्रथम कंपनीच्याच दुकानात गिरविलेला असतो.

मग सर्वांना खऱ्या नावाने खेळायला लावले तर? हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. चीनमध्ये खऱ्या ओळखीची सक्ती आहे. तरी कुनशानची टोळी त्याच चीनमध्ये फोफावली. शिवाय टोपणनाव हे कित्येकांचे कवचही असते. आवाजावरून मुलगी आहे हे कळताच जी शेरेबाजी सुरू होते, ती टाळण्यासाठी माईक बंद ठेवून खेळणाऱ्या मुलींना खरे नाव लावण्याची सक्ती करणे म्हणजे त्यांना खेळातून घालविणेच होय. फ्रीडमन-रेझ्निक यांनी यावर मधला मार्ग सुचविला होता. टोपणनाव असावे, पण एका माणसाला ते एकदाच मिळावे, आणि ते कोणाचे हे कंपनीलाही कळू नये अशा रीतीने एखाद्या त्रयस्थ संस्थेने ते द्यावे. अशा नावामागे घराचा पत्ता नसेल. पण त्याला उद्या असेल. नावाला उद्या असला की काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. २०२१ च्या जूनमध्ये विश्वनाथन आनंद यांच्याशी झालेल्या धर्मादाय ऑनलाइन बुद्धिबळात एका तरुण उद्योगपतीने संगणकाची मदत घेतली. लबाडी करण्यापासून त्याच्या नावाने त्याला रोखले नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याला जाहीर माफी मागावी लागली, ती मात्र त्या नावामुळेच.

भारतात या प्रश्नाला आता कायद्याचे अंग आले आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ साली त्यासाठी पदके दिली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन देण्याचे ठरविले. ज्यातील निकाल केवळ शारीरिक चपळाई, बुद्धीची तरतरी आणि डावपेच अशा कौशल्यांवर ठरतो तो ई-स्पोर्ट, अशी त्यात व्याख्या आहे. व्याख्येतील ‘केवळ’ हा शब्द फार मोलाचा आहे. नेम जर विकतच्या सॉफ्टवेअरने लागत असेल तर तो सामना या व्याख्येत बसतच नाही. परंतु कायद्यातील कैद व दंडाचा भर पैशाचे खेळ चालविणारे, त्यांची जाहिरात करणारे व त्यांचे आर्थिक व्यवहार सांभाळणारे यांच्यावर आहे. लबाडीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यासाठी कोरियासारखे कलम त्यात नाही.

आणि दुसऱ्या टोकाला, ज्याने काहीच केलेले नाही त्याचे काय? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीने हालचाल पडद्यावर उमटण्यास लागणारा विलंब कमी करणारी एक नवी सोय आपल्या ड्रायव्हरमध्ये दिली. ज्यांनी ती वापरली त्यांच्यावर ‘काउंटर-स्ट्राइक’च्या यंत्रणेने लबाड म्हणून बंदी घातली. ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, बंद्या उठविल्या गेल्या. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या कंपनीनेही आपल्या यंत्रणेच्या त्रुटीमुळे काही निरपराध आयड्या बंद झाल्याचे २०२४ मध्ये मान्य केले. या दोन्ही वेळी गवगवा झाला म्हणून न्याय मिळाला. अकोल्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या विद्यार्थ्याची आयडी पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी अशीच बंद झाली, तर त्याला उत्तर म्हणून येते ते यंत्राने पाठविलेले दोन ओळींचे पत्र. कोणत्या पुराव्यावर बंदी घातली हे त्यात नसते आणि दाद मागायची ती आरोप करणाऱ्या कंपनीकडेच. मान्यताप्राप्त स्पर्धांतील बंदीची कारणे लेखी देण्याचे आणि कंपनीबाहेरच्या पंचासमोर ठराविक मुदतीत अपील ऐकण्याचे बंधन घालण्यासाठी नव्या दंडविधानाचीही गरज नाही. या कायद्यानुसार ई-स्पोर्टची नोंदणी शासकीय प्राधिकरणाकडे करावी लागते. तिच्या अटींत या दोन ओळी सहज बसतील.